दादानं ओतलेला तवा

रशीदभाईंचा फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गाची हजेरी घेत होते. वर्गात मी फोन उचलत नाही, पण त्यांचं नाव दिसलं आणि हात आपोआप गेला. "ताई, नामदेव चला गया," एवढंच बोलले ते. मी फोन ठेवला आणि उरलेली हजेरी पूर्ण केली. एकेक मूल 'हजर' म्हणत होतं, मी खूण करत होते... हजेरीपट मिटून मग मुख्याध्यापिकाबाईंकडे रजा मागायला गेले. त्याला आता सात आठवडे होतील.

नामदेव म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. आमचं गाव कन्नड तालुक्यातलं, वडलांची मेंढरं होती. दादा मेंढरांमागं गेला नाही. तो वाळूजला आला आणि एका फाउंड्रीत मोल्डर म्हणून लागला. लोखंडी पेटीत काळी वाळू ठासायची, लाकडी पॅटर्न दाबून तिच्यात ठसा उठवायचा आणि त्या ठशात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं, असं ते काम. पॅटर्न घडवणारे सुतार म्हणजे सिल्लोडचे रशीदभाई. दोघं एकाच वयाचे. पुढं मुकुंदवाडीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहायला आले आणि सकाळचा चहा शेवटपर्यंत एकत्र घेत राहिले.

दादाचं लग्न झालं आणि शांतावहिनीनं शहरात आल्या आल्या सांगून टाकलं, ह्या पत्र्याच्या तव्यावर धपाटे व्हायचे नाहीत, मधे जळतात आणि कडेला कच्चे राहतात. दादानं साहेबांची परवानगी काढली, रशीदभाईंनी सागवानाचा गोल पॅटर्न करून दिला आणि पाळी संपताना उरलेल्या बिडातून दादानं तवा ओतला. ओतण्याआधी त्यानं वाळूत खिळ्यानं वहिनीच्या नावाचा 'शां' कोरला. वाळूत अक्षर उलटं कोरावं लागतं, हे रोज तेच काम करणारा माणूस त्या दिवशी विसरला. तव्याच्या पाठीवर 'शां' उलटा आला. वहिनी त्यावरून जन्मभर हसली. कुणी पाहुणा आला की तवा पालथा करून दाखवायची, "बघा, आमच्या मालकांनी माझं नाव कसं लिव्हलंय!" त्या तव्यावर तिचे धपाटे असे सुटायचे की उलथनं नावालाच. वरचेवर तेल पिऊन तो तवा काळाभोर आणि गुळगुळीत झाला होता, साबण तिनं त्याला कधी लावू दिला नाही.

वहिनी कावीळ होऊन गेली. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर मी डबा घेऊन गेले, तर दादा परातीत पीठ मळत बसला होता. पहिले कित्येक दिवस त्याचे धपाटे फाटत होते. मग जमायला लागले. त्या खोलीत तवा गॅसवर चढला की तेवढा वेळ घर भरल्यासारखं वाटायचं. पुढं फाउंड्री बंद पडली, लाकडी पॅटर्न ढिगानं बाहेर टाकले गेले आणि लोकांनी ते जळणाला नेले. दादा एका गोदामावर वॉचमन झाला.

खोकला तेव्हाचाच. टीबी म्हणून दोनदा औषधं झाली. तिसऱ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "वाळूत काम करायचे का तुम्ही?" वर्षानुवर्षं नाकातोंडातून गेलेली ती बारीक धूळ फुप्फुसात बसली होती, आणि ती काढायचं औषध नाही, असं त्यांनी आम्हाला सरळ सांगितलं. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "मंदे, खोटं बोलला आसता तर बरं झालं आसतं."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तवा फुटला. दादा तो उतरवत होता, खोकल्याची उबळ आली आणि तवा हातातून फरशीवर पडला. बीडच ते, वाकत नाही. तीन तुकडे झाले. मी दुसऱ्याच दिवशी नॉनस्टिक तवा नेऊन दिला. त्यानं उचलून पाहिला, "ह्यो तवा नाय, झाकण हाय," म्हणाला आणि कपाटामागं ठेवून दिला. मग मी कन्नडच्या बाजारातून बिडाचा आणला. त्यावर धपाटा असा चिकटला की खरवडून काढावा लागला. दादा त्याच्या खरबरीत पाठीवरून अंगठा फिरवत राहिला. "ओतलाय कुणीतरी, पर बघितलं नाय कुणी."

मग त्याच्या मनानं घेतलं की तसाच तवा पुन्हा ओतायचा. रशीदभाईंनी तीन तुकडे जुळवून माप घेतलं आणि नवा पॅटर्न केला. मी शाळा सुटल्यावर दादाला स्कूटीवर मागं बसवून फाउंड्र्यांच्या गेटवर हिंडत होते. सगळीकडं एकच उत्तर, एक नग कुणी ओतत नाही. एके दिवशी परत येताना त्याला इतकी धाप लागली की रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं, आणि माझा तोल गेला. मी म्हणाले, "एका तव्यापायी किती जीव जाळशील? वहिनी गेली, दादा. तवा आला म्हणून ती येणार आहे का?" तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. मग म्हणाला, "मला म्हाईत न्हाई व्हय?"

हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

शेवटी चिकलठाण्याच्या एका छोट्या कारखान्याचे मालक तयार झाले. त्यांचे वडीलही मोल्डर होते. दादानं हट्टानं वाळू ठासायचं दांडकं हातात घेतलं. दहा-बारा ठोके मारले असतील, ओठ निळे पडले, आणि तो पालथ्या पेटीवर बसला. एका कामगारानं काम हाती घेतलं. वितळलेल्या बिडानं भरलेली लॅडल, ती मोठी पळी, आणली तेव्हा दादा बसल्या जागेवरून काही सांगू लागला. भट्टीच्या आवाजात शब्द पोचेनात. त्याचं तोंड हलताना मला दिसत होतं, पण मलाही ऐकू आलं नाही. ओतून झालं. तवा निघाला, झाडून पुसून आणला, आणि दादाचा अंगठा एका जागी थांबला. केसाएवढी बारीक रेघ होती. "चलेगा मियाँ, क्यों नहीं चलेगा," रशीदभाई म्हणाले. घरी येताना दादा माझ्या कानाशी बोलला, "ओततानाच लोखंड थंड व्हतं गं, म्हणून सांधलं नाय. तेच सांगत व्हतो."

तरी त्यानं तीन आठवडे रोज त्या तव्याला तेल आणि कांदा घासला. रविवारी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. पहिला धपाटा सुटला. रशीदभाईंनी टाळी वाजवली. दुसरा टाकला आणि 'टक्' झालं. तवा त्या रेघेवरच तडकला. दादानं गॅस बंद केला, अर्धा कच्चा धपाटा हातात घेतला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. "चव हाय की," म्हणाला. रशीदभाई म्हणत होते, पॅटर्न आहे आपल्याकडं, पुन्हा ओतू. दादानं मान हलवली. "आता ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर त्यानं चूल... गॅस पेटवला तो फक्त चहापुरता. चहात बिस्किटं बुडवून खायचा. माझा डबा अर्धा परत यायचा. मग ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी आली. शेवटच्या रविवारी मी मऊ खिचडी भरवली, चार घास गेले. निघताना त्यानं विचारलं, "उद्या शाळा हाय का?" मी हो म्हटलं. "मंग जा." मंगळवारी सकाळी रशीदभाई दुधाची पिशवी घेऊन आले, तेव्हा मशीन चालूच होतं.

परवा गुलमंडीवर भांड्यांच्या दुकानात गेले होते. बिडाचे तवे एकावर एक रचलेले होते. कुठलंही बिडाचं भांडं घेताना दादा ते दोन बोटांवर तोलून धरायचा, दुसऱ्या हातानं टिचकी मारायचा आणि कान लावायचा. आत तडा असेल तर आवाजात कळतं म्हणे. मी नकळत तसाच तवा धरला आणि टिचकी मारली. आवाज झाला. दुकानदारानं विचारलं, "चांगलाय ना, ताई?" मी पुन्हा वाजवला, पुन्हा कान लावला... चांगला आवाज कसा असतो, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. मी तवा खाली ठेवला.