घुंगराची काठी

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं. संस्थेच्या हॉलात पाहुणे गोल करून बसले होते आणि एक गोरी बाई माझ्या बापाची काठी खुळखुळ वाजवत होती. घुंगरं वाजली की हसत होती. बाकीचे फोटो काढत होते.

काठी येसकराची. आमच्या महारवाड्यात येसकरकी, म्हणजे गावाची राखण अन् सांगकाम, पाळीनं यायची. ज्या घराची पाळी, त्या घरात काठी. बाप ती घेऊन सांजच्याला दारोदार भाकर मागायचा. मी टोपलं घेऊन मागं. घुंगरं का, तर आम्ही येतोय हे आधी कळावं, वरच्या आळीनं सावली चुकवावी. दारात काठी आपटायची आणि मुकाट उभं राहायचं. काठी हातात असताना तोंड उघडायचं नाही. भाकर वरून पडायची. शिळी. कधी बुरशीची. वस्तीनं ते काम सोडलं तेव्हा पाळी आमची होती, म्हणून काठी आमच्याकडंच राहिली. बाप म्हणला, "ठेव. पोरांना दाव."

संस्था आमच्या ईट गावाच्या बाजूला गावोगाव काम करती. मी गावसमितीत. तिचे साहेब आमच्याच गावचे, वरच्या आळीतले. त्यांच्या आजाच्या दारात मी टोपलं घेऊन उभा राहिलेलो. साहेब माझ्या घरी आले.

"काका, आपली संस्था शिकणारी संस्था आहे. परदेशातल्या संस्था येणार आहेत. कोण कुठं चुकलं, ते मिळून बोलायचं, एकमेकांपासून शिकायचं. ज्याच्या हातात काठी तो बोलणार, बाकीचे ऐकणार. तुमची घुंगराची काठी आणा."

मला पटलं. लई पटलं. ज्या काठीपायी बापानं तोंड मिटलं, तीच धरून मी बोलणार. तेल लावून पुसली.

माझी पाळी आली. भाकर, घुंगरं, सावली, सगळं सांगितलं. वर म्हणलं, "आजबी ठराव वरच्या आळीत ठरतो. मला नुसतं सहीला बोलावत्यात." साहेब इंग्रजीत सांगत होते. माझं बोलणं लांब, त्यांचं आखूड. टाळ्या पडल्या. काठी हातोहात फिरली ती तेव्हा.

चहाला नेपाळची एक बाई जवळ आली. तिला हिंदी येत होतं. हात जोडून म्हणाली, "बाबाजी, बहुत अच्छा लगा. आपके पिताजी गाँव के मुखिया थे, यह उन्हीं की छड़ी है ना?"

 तोंडातला चहा बाहेर जाऊन थुंकलो.

साहेबाला गाठलं. "म्या सांगितलं तेच सांगितलं का?"

"काका, पाहुण्यांपुढं गावाची लाज कशाला? तुमच्या वडलांचा मानच केला की."

"मेल्यावर केला व्हय."

हसले. पाठीवर थोपटलं. तो हात मला शर्टावर चिकटल्यासारखा वाटला. शिळ्या भाकरीचीसुद्धा एवढी किळस आली नव्हती. भाकर शिळी आहे हे टाकणाऱ्यालाही ठाऊक होतं, झेलणाऱ्यालाही. आजानं माझ्या बापाचं तोंड बंद ठेवलं. नातवानं माझं उघडं ठेवलं आणि आतलं काढून घेतलं. शिकणारी संस्था म्हणे. दुसऱ्याच्या चुका ऐकायला सगळे गोल बसतात. आपली सांगायची वेळ आली की जीभ आखडती.

काठी काखेत मारली अन् घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभेत प्रत्येकानं सांगायचं होतं, काल काय शिकलो. मी रिकाम्या हातानं गेलो.

"काका, काठी?"

"घरी हाय. ती तोंड मिटायची काठी हाय, बोलायची न्हाय."

नेपाळच्या बाईशेजारी बसलो. तिला हिंदीत म्हणलं, साहेब आता जे सांगतील ते नीट ऐका. खरं काय ते मी तिला हिंदीत सांगितलं असतं, तर तिनंही सांगितलं असतं सगळ्यांना. पण मला ते साहेबाच्याच तोंडून पाहिजे होतं.

"साहेब, तुमी माझं एकेक वाक्य इंग्रजीत सांगा. म्या पावण्यांची तोंडं बघतो. कुणी हसलं, तर पुन्हा पहिल्यापासून सांगतो. सांज झाली तरी चालंल."

साहेबानं घड्याळ बघितलं. मी सुरू केलं.

"भाकर शिळी असायची."