कामतघरची फुंकर

मी भिवंडीतलं कामतघर सोडलं त्या सकाळी निरोपाला एवढी माणसं जमली, की रिक्षावाल्याला वाटलं वरात आहे; त्याने आधी नवरदेव कुठाय ते विचारलं. वडील, म्हणजे आमचे अप्पा, कापडाच्या कारखान्यातून थेट आले होते. चाळीस वर्षं ते जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम नीट करणारा माणूस. त्या खडखडाटात राहून त्यांची कुजबुजसुद्धा पार कोन गावच्या नाक्यापर्यंत ऐकू जाते. "बाय, तिकडं येळेवर जेव!" असं ते माझ्या कानात म्हणाले आणि चार गल्ल्यांतल्या पोरींनी "हो" म्हटलं.

मंडळी, तुम्ही विचारता, मी जर्मनीत करते काय. इथं दोन माणसं एकावर एक उभी राहावीत एवढा उंच मायक्रोस्कोप आहे. उजेडाऐवजी त्यात इलेक्ट्रॉन सोडतात. जंतूतलं प्रथिन पाण्याच्या थेंबात घ्यायचं, टिकलीएवढ्या तांब्याच्या चाळणीवर ठेवायचं आणि असं झटक्यात गोठवायचं, की पाण्याला बर्फाचे खडे व्हायलाही सवड मिळू नये. काचेसारखं नितळ राहावं. मग ते प्रथिन कसं घडलंय ते दिसतं. डोळ्याला कधीच न दिसणारी वस्तू! अजून माझ्या अंगावर काटा येतो.

आपल्याकडे लूम सुरू झाले की बशीतला कप चालत शेजारच्या घरी जातो. इथं यंत्राच्या खोलीत पाय आपटला तरी चित्र हलतं. माझा आवाज ऐकून आमच्या प्रमुख हेल्गाबाईंनी पहिल्याच दिवशी दारावर 'शांतता राखा' अशी पाटी लावली. खाली माझा फोटो.

माझं प्रथिन टीबीच्या जंतूतलं. औषध आत शिरलं की ते उचलून बाहेर फेकतं. आईला दोनदा झालेल्या टीबीचा हा चौकीदार. त्याचा आकार कळला तर त्याला चुकवणारं औषध शोधता येईल. पण आकार काही निघेना. शेवटी हेल्गाबाई म्हणाल्या, उरलेल्या चार चाळण्यांतून दिसला तर ठीक, नाहीतर काम बंद आणि तू घरी.

पहिल्या तीन चाळण्या मी चिमट्याने उचलल्या आणि सवयीने फुंकल्या. आपण भिवंडीकर चष्मा, भाकरी, बाळाची टाळू, काहीही आधी फुंकतो, नाहीतर सगळ्यावर कापसाचे तंतू. इथं माझ्या श्वासातली वाफ गोठून चाळणीवर बसली. पडद्यावर प्रथिन कुठलं, नुसता हिमालय.

"काय केलंस?" हेल्गाबाईंनी विचारलं.

"फुंकलं."

"का?"

"धूळ असेल म्हणून."

"इथं धूळ नसते. इथं फक्त तू आहेस."

चौथ्या वेळी मी श्वास इतका वेळ रोखला, की तेवढ्यात राहनाळचं अख्खं गोदाम रिकामं झालं असतं. चाळणी नितळ आली. पडद्यावर तिची हजारो भोकं. नवशिके सगळ्यात उजळ भोकं निवडतात. मला अप्पा आठवले. कापडाचा तागा दिव्यासमोर धरून म्हणायचे, "सूत बघू नको, मधला उजेड बघ. लई उजेड म्हंजी तिथं धागाच न्हाय." झगझगीत भोकांत गोठलेलं पाणीच नव्हतं, काळपट भोकांत त्याचा जाडजूड थर. मी मधली, तलम तेवढी निवडली.

दोन दिवस यंत्र फोटो काढत राहिलं. एकेका फोटोत प्रथिन म्हणजे धुक्यातला डाग. पण कॉम्प्युटरने असे लाखो डाग दिशा जुळवून एकमेकांवर रचले, आणि हळूहळू पीळ दिसले, वळणं दिसली, औषध हाकलायची मधली वाट दिसली. इतकं देखणं, की हेल्गाबाई स्वतःच ओरडल्या. पाटीवर आता दोन फोटो आहेत.

घरी व्हिडिओ कॉल लावला. आईने चित्र पाहिलं. "ह्योच का तो मेला?" म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मग अप्पांनी मोबाइल घेतला.

"झ्याक इणलंय. कुनी?"

"कुणीच नाही, अप्पा. आपोआप."

त्यांनी मोबाइल ताग्यासारखा दिव्यासमोर धरला.

"म्हंजी तुझं काम टिकलं."

"हो."

"म्हंजी आता तू येत न्हायस."

इथल्या शेजाऱ्यांना मी सांगितलंय, की भिवंडीत आमचे चारशे लूम आहेत आणि खाडीत पाळलेली मगर. ते माना डोलावतात. अप्पांपुढे मात्र "लवकरच येते" एवढीही थाप मला जमेना. घर म्हणजे आता माझ्यासाठी तेवढंच: जिथं माझी एकही थाप खपत नाही.

"न्हाय, अप्पा," मी म्हणाले. "इतक्यात न्हाय."