बाहेरची जनावरं

मला खोटं बोलायला जमत नाही, असं मी वर्षानुवर्षं लोकांना ऐकवत आले. आता कोणी स्वतःबद्दल असं बोललं की मी गप्प बसते.

तेव्हा मी सीताफळवाल्यांच्या एका सहकारी संस्थेत नोकरीला होते. बीडजवळच्या कपिलधारच्या बाजूच्या डोंगरपट्ट्यातले एक-दोन एकरवाले शेतकरी, त्यांना सेंद्रिय शेतीकडे वळवायचं, हे माझं काम. कपाशी कमी करायची, सीताफळाच्या ओळी लावायच्या, मधे तूर, काहींच्या बांधावर शेवगा आणि हादगा, युरिया आणि फवारणी बंद. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. रोपाशेजारी मडकं पुरायचं आणि त्यात दोन तांबे पाणी ओतायचं, एवढ्यावर रोपं जगवत होतो. प्यायचं पाणी टँकरनं यायचं, आणि बाया भांडी विसळलेलं पाणी झाडाला राखून ठेवायच्या. अशा दिवसांत मी स्कूटीवरून जाऊन त्यांना जमिनीचा कस शिकवत होते. माझ्या बोलण्यात तेव्हा लई रुबाब होता.

घरात महिन्याचा पगार आणणारी मी पहिली. आमचं बौद्धाचं घर, आईवडलांचा जन्म दुसऱ्यांच्या रानात मजुरी करण्यात गेलेला. संस्थेला सेंद्रियचं प्रमाणपत्र मिळालं तर माझी नोकरी पुढं चालणार होती, नाहीतर घरी बसा. हे मी सबब म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगतेच आहे, पण ती पुरत नाही हेही मला कळतं.

तपासणीचा एक छापील फॉर्म आला होता. त्यात एक प्रश्न होता, शेतात बाहेरची जनावरं येतात का? मी कोणालाही न विचारता ठरवून टाकलं की याचं बरोबर उत्तर 'नाही' हेच असणार. तसं लिहिलं आणि बैठकीत नियमच करून टाकला. तीन वर्षं बाहेरचं एकही जनावर संस्थेच्या शेतांत उतरणार नाही. सगळ्यांनी हात वर केले. डोंगराच्या पायथ्याला दोन एकर असलेले एक म्हातारे शेतकरी होते, त्यांना सगळे आबा म्हणायचे. त्यांनी हात अर्धाच उचलला आणि विचारलं, "मंग आपल्या मेंढक्याचं कसं?"

"त्यांचं बघू नंतर," मी म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

मेंढका म्हणजे एक धनगर मामा. ज्वारी निघाली की दरवर्षी मेंढरं आणि चार-दोन शेळ्या घेऊन यायचे आणि एकेका शेतात मेंढरं बसवायचे. मेंढरांना धसकटं आणि पाला मिळायचा, लेंड्यांनी रान खतावून निघायचं, आणि शेतकरी मामांना पायली-दोन पायली ज्वारी द्यायचा. पहिलं बसणं आबांच्या रानात, ही रीत मी जन्मायच्या आधीपासूनची. मामा एकदा तापानं अंथरुणाला खिळले तेव्हा आबांनी महिनाभर त्यांची मेंढरं राखली होती. आबांच्या बायकोला मामा अक्का म्हणायचे, आणि त्यांच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय कळप पुढं हलायचा नाही.

त्या वर्षी मामा लवकरच आले, कारण वरच्या बाजूला चाराच उरला नव्हता. मी त्यांना रस्त्यातच गाठलं आणि नियम सांगितला.

"कावून?" त्यांनी विचारलं.

"रोपं खातील ना, मामा."

मामा हसले. "बकरू सीताफळाला तोंड लावत न्हाई, माय. तुला ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक होतं. शेळ्या डोंगरातलं सगळं ओरबाडतात आणि सीताफळ तेवढं शाबूत उभं राहतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण हातात कागद आला की मला चढायची. "हादगा-शेवगा तर खातात," मी म्हणाले.

"त्या रानात न्हाई जात मी. नुसतं सीताफळ हाय तेवढ्या रानात बसू द्या. मेंढ्या गाभण हायत्या. चारा छावणीत गाई-म्हशी, मोठीच जनावरं घेत्यात, आमाला तितं दार न्हाई. तू बैठकीत जराक इचार. आबा न्हाई म्हणायचा न्हाई."

"विचारते," मी म्हणाले. तेवढ्या शब्दावर मामा मेंढरं घेऊन दोन कोसांवरच्या गायरानात थांबले. तिथं गवत कुठलं, नुसती कुसळं होती.

चार दिवसांनी बैठक झाली आणि मी विचारलं नाही. विसरले नव्हते. विषय दोनदा ओठावर आला. विचारलं असतं तर आबा हो म्हणाले असते, त्यांच्यामागं बाकीचे हो म्हणाले असते, आणि फॉर्मवरचं माझं 'नाही' खोडावं लागलं असतं. तपासनिसांपुढं खाडाखोड मला नको होती. बस्स, एवढंच कारण. बाहेर पडताना आबांनी विचारलं, "मेंढका कुटं दिसला का गं?"

"ते यंदा आष्टीकडं गेले म्हणे," मी म्हणाले. इतक्या सहज, की माझं मलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी गायरानात जाऊन मामांना सांगितलं, "बैठकीत सगळे नाही म्हणाले."

"आबा बी?"

"ते पण."

मामा काठीच्या टोकानं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "बरं. त्याचं रान, त्याची मर्जी." त्यांनी मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. तो मी प्यायले, आणि वर छान झालाय म्हणाले.

माझ्या आईला लहानपणी मालकाच्या बांधावर अडवायचे. तिथंच थांब, पुढं येऊ नको. आई हे सांगते तेव्हा माझं डोकं अजून तापतं. आणि त्याच आईच्या लेकीनं, शिकून-सवरून, एका माणसाला बांधाबाहेर उभं केलं. बरं, केलं ते केलं, वर त्याच्या जिवाभावाच्या माणसाचं नाव पुढं केलं. स्वतःच्या अंगावर घ्यायची हिंमत नव्हती म्हणून.

गायरानात मेंढ्यांनी गाभ टाकला. काही तिथंच मेल्या. उरलेला कळप मामांनी बाजारात खाटकाला देऊन टाकला आणि चकलांब्याकडं लेकीच्या घरी निघून गेले. मला हे टँकरच्या ड्रायव्हरकडून कळलं.

पुढच्याच महिन्यात तपासनीस आले. शांत माणूस, थोडकं बोलणारा. आबांच्या रानात मूठभर माती उचलून त्यांनी खत कुठून आणता म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, दुसऱ्या जिल्ह्यातून, ट्रकनं.

"मेंढ्या नाही बसवत? इकडं तर सगळीकडं बसवतात."

"फॉर्ममध्ये बाहेरच्या जनावरांचं विचारलंय ना, म्हणून बंद केल्या."

"अहो, ते नोंदीसाठी असतं," ते म्हणाले. "येतात म्हणून लिहायचं. कोणाच्या आहेत, कुठं चरतात, काय औषध दिलं. झालं." आणि ते पुढच्या ओळीकडं गेले.

पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र मिळालं. संस्थेनं शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला, आणि शाल घालायला आबांनाच पुढं केलं. ती शाल मी एकदाही अंगावर घेतली नाही.

त्या उन्हाळ्यात आबांच्या बायकोला काविळीनं नेलं. मातीला पंचक्रोशी लोटली. आबा सगळ्यांशी बोलत होते, पण नजर रस्त्याकडं. सगळं आटोपल्यावर ते मला म्हणाले, "मेंढक्याच्या लेकीकडं निरोप धाडलता मी. आला न्हाई. आमचं काय चुकलं, काय म्हाईत." मी तिथंच सांगायला हवं होतं. भरल्या घरात तोंड उघडेना. तेवढंही धाडस माझ्यात नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी एसटीनं चकलांब्याला गेले. मामा लेकीच्या दारात, लिंबाखाली, दोर वळत बसले होते. मला बघून त्यांनी आत पाणी आणायला सांगितलं. पाणी यायच्या आत मी बोलून टाकलं.

"मामा, मी त्या बैठकीत विचारलंच नव्हतं. कोणालाच नाही. आबांना सांगितलं, तुम्ही आष्टीकडं गेलात."

दोर वळणारे हात थांबले. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर मी नीट ऐकून घेतल्या असत्या, त्यासाठीच गेले होते. मेंढरांचं त्यांनी नावही काढलं नाही.

"म्हंजे त्यो न्हाई म्हणलाच न्हवता?"

"नाही."

"त्याचा निरोप आलता," मामा म्हणाले. "मी म्हणलं, ज्यानं माझी मेंढरं दारातून हाकलली त्याच्या दारात मी कावून जाऊ. अक्काच्या मातीला मी गेलो न्हाई."

लेक पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मामा उठले, खुंटीवरचा पटका काढून डोक्याला गुंडाळला आणि आबाकडं जाऊन येतो म्हणून तिला सांगितलं. ती, या उन्हाचं कुठं, म्हणत राहिली. मीही उठले. बीडची गाडी तासाभरात होती, आणि मलाही तीच गाडी धरायची होती.

मामा दोन पावलं जाऊन वळले. आवाज चढलेला नव्हता.

"तू फुडच्या गाडीनं ये," ते म्हणाले.