सुनंदाताईंना उतरायचंय

सायकलच्या चेनवर जसा काळा थर चढतो, तसे आमच्या ग्रुपवर किस्से चढतात. रविवारी घासूनपुसून लख्ख करा, पुढच्या रविवारी थर पुन्हा तेवढाच! याचं कारण सोपं आहे. आम्ही पेडल कमी मारतो आणि तोंड जास्त चालवतो. चौघंच आहोत. घणसोली गावातले भोईरशेठ, तळोजाच्या एका कंपनीतले सेफ्टी ऑफिसर देशमुख, कोपरखैरण्याच्या सुनंदाताई आणि मी. यातलं मी सांगतो ते सगळं खरं आहे. थोडं इकडचं तिकडे होतं, पण ते वाऱ्यामुळे.

*

भोईरशेठ सायकल घ्यायला गेले तेव्हा मला बरोबर घेऊन गेले. गावठाणात त्यांच्या दोन चाळी भाड्याने दिलेल्या, त्यामुळे ‘स्वस्तातली दाखवा’ म्हणायची त्यांना लाज! दुकानदाराने सगळ्यात महागडी काढली. शेठ तिच्याभोवती हात मागे बांधून फिरले. खाली वाकून बघितलं. मागे बघितलं. मग म्हणाले, "काय रं, पैशे पुरे घेतोस न् सायकल अर्धीच देतोस? स्टँड नाय, कॅरिअर नाय, मडगार्ड पन नाय!"

दुकानदार अदबीने म्हणाला, "शेठ, वजन कमी व्हायला पाहिजे ना, म्हणून."

शेठनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे, वजन माजा कमी कराचा हाय. सायकलचा नाय!"

*

देशमुख दर राइडच्या आधी आम्हाला रांगेत उभं करून सेफ्टीवर बोलतात. गळ्यात शिट्टी, अंगात चकाकणारं पिवळं जाकीट. आग कुठे लागणार आहे, हे मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

एकदा खाडीच्या कडेच्या रस्त्याने जायचं होतं. देशमुख म्हणाले, "कोणी चुकलंच, तर असेंब्ली पॉइंटला यायचं. मोठं वडाचं झाड!" आम्ही तिघं वडाखाली पोचलो. देशमुखांचा पत्ता नाही. फोनही लागेना. शेठ म्हणाले, "सेफ्टीवालाच गेला वाटते!"

बऱ्याच वेळाने त्यांचाच फोन आला. आवाज अगदी शांत, ट्रेनिंगमधला. "ऐका. तुम्ही तिघंही हरवला आहात. घाबरू नका. जिथे आहात तिथेच थांबा, मी शोधत येतो."

*

आता सुनंदाताई. ऑफिसातून रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या, "भाऊ, मला सायकल शिकवा. जालन्याकडे आमच्या घरात एकच सायकल होती आणि भाऊ होते चार. माझा नंबर लागेपर्यंत माझं लग्न झालं."

मी शिकवली. खोटं नाही सांगत, बाई एका आठवड्यात वाऱ्यासारख्या सुटल्या! तोल असा, की डोक्यावर कळशी ठेवली तरी पाणी हलणार नाही. फक्त एक अडचण राहिली. त्यांना चढता येईना आणि उतरता येईना. चढायचं निभतं. उंच फूटपाथ बघायचा, सायकल खेटून उभी करायची, बसायचं आणि ढकल म्हणायचं. पण उतरायचं म्हटलं, की ब्रेक लागतो, सायकल थांबते आणि ताई सायकलसकट आडव्या! म्हणून त्या थांबतच नाहीत. धरायला कोणी असेल तरच थांबतात.

त्यांच्या सोसायटीच्या गेटवर एक वॉचमन आहे. सुरुवातीला ताईंना धरायला काहीच सापडेना, तेव्हा त्यांनी चालत्या सायकलवरून त्याचा गळा धरला. तो बिचारा दोन दिवस मान वाकडी करून बसला. तिसऱ्या दिवशी घंटी ऐकली आणि तो केबिनमधून बाहेर आला, रस्त्याच्या मधोमध पाय रोवून उभा राहिला, हात पसरले आणि म्हणाला, "आइए मॅडम, आज थोडा धीरे!"

*

इथवर सगळी गंमत होती. मग मधे थोरली जाऊ आली.

ताईंच्या थोरल्या जाऊबाई जुन्या पनवेलात राहतात. सगळं सासर त्यांना अक्का म्हणतं. मीठ किती घालायचं इथपासून सून कोणती करायची इथपर्यंत अक्कांचा शब्द शेवटचा! एका बारशाला ताईंनी हौसेने सांगितलं, की मी सायकल शिकले. अक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्या वयात? मग पुढच्या बारशाला पाळण्यातच बस की!" सगळं बारसं हसलं. पाळण्यातलं बाळसुद्धा हसलं, असं ताई म्हणतात.

त्या रविवारी ताई आमच्याशी धड बोलल्या नाहीत. चहा पिताना एकदम म्हणाल्या, "अक्काच्या दारात सायकलवर जाणार. आणि तिच्या डोळ्यांदेखत, कोणाचा हात न धरता, पाऊल टाकून उतरणार. नाही जमलं, तर सायकल भंगारात!"

"त्यांच्या घरासमोर ट्रॅफिक किती?" देशमुखांनी लगेच विचारलं.

"तळं आहे समोर. रविवारी सकाळी भोवतीच्या रस्त्यावर गाड्या सोडत नाहीत. बॅरिकेड लावतात."

म्हणजे जागा तर मिळाली. राहिलं फक्त उतरणं! देशमुखांनी ताईंना मैदानात नेऊन उतरण्याची प्रोसिजर शिकवली. आधी वेग कमी, मग एक ब्रेक, मग दुसरा, मग सीटवरून पुढे, मग डावा पाय, अशा एकापुढे एक पायऱ्या. ताईंनी सगळ्या पाठ केल्या. सायकलवर बसून मोठ्याने म्हणतही होत्या. धप्प असा आवाज आला. आम्ही धावलो. ताई मातीतून वर बघत म्हणाल्या, "सर, तुमच्या सगळ्या पायऱ्या एकदम झाल्या!"

*

पनवेलपर्यंत सायकलवर जायचं तर हायवे. ताईंना तिथे थांबायची वेळ आली, तर धरणार कोणाला? ट्रकला? म्हणून भोईरशेठनी टेम्पो काढला. चार सायकली मागे झोपलेल्या, आम्ही पुढे कोंबलेले. सिग्नलला एक रिक्षावाला डोकावला, "कुठे चाललात शेठ, एवढ्या सायकली घेऊन?"

"सायकलिंगला!"

तो हिरवा लागला तरी जाईना.

पहिल्या खेपेला आम्ही नुसती पाहणी केली. तळं छान. कडेला जुने दगडी घाट, लांबवर कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका, रस्त्यावर चालणारी माणसं आणि आम्ही. पनवेल म्हणजे जुनं बंदर, गाढी नदीतून गलबतं यायची, एवढं मला ठाऊक होतं. पण शेठनी घाटात बसवलेल्या कड्याला हात लावून विचारलं, "यो दगडाचा कडा कसला रं?" आता ठाऊक नाही म्हणायचा माझा स्वभाव नाही. मी म्हटलं, "पेशव्यांचा हत्ती इथे बांधायचे. लाजरा होता. लोक बघत असले, की आंघोळच करायचा नाही!"

शेजारी एक जोडपं कान देऊन ऐकत होतं. त्यांनी फोटोही काढला.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. त्या कड्यापाशी घोळका. एक गृहस्थ सांगत होते, "...म्हणून त्या हत्तीसाठी इथे खास पडदा लावायचे. त्याच्या खाचा अजून दिसतात बघा." मी पुढे होऊन बघितलं. खरंच, खाचा होत्या! आता तो हत्ती होता की नव्हता, या विचाराने माझी मात्र झोप उडाली आहे.

*

आणि मग तो रविवार उजाडला. ताईंनी ठेवणीतली निळी साडी नेसलेली, पदर खोचलेला, वर देशमुखांचं हेल्मेट. तळ्याच्या पलीकडच्या घाटाला सायकल टेकवून आम्ही त्यांना बसवलं. "कोणी मधे यायचं नाही," त्यांनी बजावलं. "धरलेलं अक्कानं बघितलं, तर मेलेच मी." ढकललं. सुटल्या!

अक्का ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. आम्ही कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीला, दार दिसेल असे.

"जय भीम, अक्का!"

अक्कांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "अगं बया, सुनंदा! ये, ये!"

ताईंचा हात ब्रेकवर गेला. सायकल डुलली. हात परत आला. "आलेच, एक राऊंड मारून!" आणि गेल्या.

तळं काही लहान नाही. वळसा घालून आल्या तेव्हा अक्का उठून उभ्या होत्या. "चहा टाकू का गं?"

"टाका! साखर—" गेल्या.

पुढच्या वळशाला, "—कमी!"

"भाऊजी कसे आहेत?"

"बरे आहेत, पण गुडघा—"

आता गुडघ्याचं काय झालं, हे ऐकायला शेजारपाजारच्या चार बायका ओट्यावर आल्या. सगळ्या तळ्याकडे माना वळवून थांबल्या. ताई उगवल्या. "—दुखतोय!" ओट्यावर सुस्कारा सुटला.

अशी ती पाहुणचाराची सगळी बोलणी चालली. एका फेरीत प्रश्न, पुढच्या फेरीत उत्तर. मुलाची बदली, सुनेची नोकरी, जालन्याच्या जमिनीचं काय झालं, सगळं झालं. सकाळी चालायला आलेले लोक थांबून बघू लागले. एक आजोबा म्हणाले, "या वयात केवढा स्टॅमिना! थांबायचं नावच नाही!"

"कशी थांबल? तिला थांबाला—" भोईरशेठ सुरू झाले, तोच देशमुखांनी त्यांच्या तोंडात वडा कोंबला.

पण आता आम्हालाही चहा जाईना. ताईंच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, मात्र ते आता त्यांचं राहिलं नव्हतं. कोणीतरी चिकटवल्यासारखं दिसत होतं. टपरीपाशी आल्या की दबक्या आवाजात म्हणायच्या, "भाऊ, धरा मला!" मी उठायचो. तेवढ्यात अक्कांचं दार यायचं. "नका! धरू नका!"

त्यात बॅरिकेडवाला हातमोजे चढवत रस्ता मोकळा करायला उठला. पलीकडे गाड्या हॉर्न देत उभ्या. देशमुखांनी शिट्टी तोंडात घेतली, पण वाजवली नाही. काय सांगणार होते वाजवून?

ओट्यावर कपातल्या चहावर साय धरली होती. अक्का कठड्याला टेकून ताईंकडे बघत होत्या. तोंडाकडे नाही, पायांकडे. ताई वळणावर दिसल्या तशा अक्कांनी कप खाली ठेवला, पदर कमरेला खोचला आणि ओट्यावरून उतरून सरळ रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या. मी पळत सुटलो.

सायकल आली. अक्कांनी एक हात हँडलवर टाकला, दुसरा सीटखाली घातला. जरासुद्धा हिसका नाही. बघणाऱ्याला वाटावं, जाऊबाई मिठी मारताहेत.

"पुरे कर गं आता, चहाचं पाणी झालं!" अक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या. लगेच खालच्या आवाजात म्हणाल्या, "खाली बघू नको. माझ्याकडे बघ. डावा पाय टाक. हं. आता दुसरा."

ताई उतरल्या. दोन्ही पायांवर, उभ्या! गल्लीने टाळ्या वाजवल्या. आजोबांनी तर टोपी काढली.

सायकल धरायला मी पोचलो होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. "अक्का," त्या कशाबशा म्हणाल्या, "तुम्हाला... हे उतरायचं कसं येतं?"

अक्कांनी आधी ओट्यावरच्या बायकांकडे बघितलं. मग ताईंचं हेल्मेट सारखं करायच्या निमित्ताने तोंड त्यांच्या कानापाशी नेलं.

"सुनंदे, कोणाला बोलशील तर बघ. मला चढता येतं, उतरताही येतं. मधलं तेवढं येत नाही."