छत्तीस झाकणं

जपानमधल्या इचिकावात नवी असताना स्वरूपाची कचऱ्याची पिशवी गाडीवाल्यांनी उचलली नव्हती. कचरा नीट वेगळा न केल्याची लाल चिठ्ठी वर चिकटवलेली, आणि पिशवी दिवसभर कोपऱ्यावर एकटीच. येणारा-जाणारा बघून जाई. त्याला अकरा वर्षं झाली. पुढे नवऱ्याच्या, हरीशच्या, नोकरीपायी ते त्सुकुबात आले. स्वरूपा विद्यापीठाच्या एका कार्यालयात अर्धवेळ कामाला लागली, जपानी फोन न अडखळता घेऊ लागली. पण त्या चिठ्ठीचा धसका काही गेला नाही. बाटली धुवायची, वेष्टण सोलायचं, झाकण वेगळं काढून सुपरमार्केटच्या पेटीत टाकायचं. तिच्या घरात यात चूक नव्हती.

गुरुवारी ओट्यावर झाकणांनी भरलेला डबा दिसला. तिने झाकणं धुतली, पुसली आणि कामावर जाताना पेटीत ओतली.

दुपारी वैभवी शाळेतून आली. डबा उघडून तशीच उभी राहिली.

"आई, माझं सैन्य कुठंय?"

शनिवारी शाळेचा उत्सव होता. वैभवीच्या वर्गाचा विषय व्हायकिंग लोक. कोणी ढाली रंगवत होतं, कोणी दोर ओढायचा खेळ घेणार होतं. वैभवीने मांडला होता त्यांचा पटावरचा खेळ. मधोमध राजा, भोवती त्याचे बारा रक्षक, आणि चारी बाजूंनी चोवीस हल्लेखोर. राजा कोपऱ्यात पोचला तर सुटला, चहूकडून कोंडला तर संपला. हिरवी झाकणं हल्लेखोर, पांढरी रक्षक. आणि प्रत्येकाच्या आतल्या बाजूला वर्गातल्या एकेका मुलाने आपलं नाव लिहिलं होतं.

स्वरूपाने एकही झाकण उलटं करून पाहिलं नव्हतं.

"दुसरी झाकणं आणू. बाबा ऑफिसमधून पिशवीभर आणतील."

"नावं पण बाबा आणणार का?" वैभवी आता जपानीत बोलत होती. चिडली की ती मराठी सोडे. "मी एकेकाच्या बाकापाशी जाऊन मागितली होती. परत नाही मागणार. पट गुंडाळून ठेवते."

या शाळेत तिचं दुसरं वर्ष. दोन वर्षांत ती कोणाच्या बाकापाशी गेल्याचं स्वरूपाने ऐकलं नव्हतं. तिने सायकलची किल्ली उचलली.

"चल."

पेटी सकाळीच रिकामी झाली होती, पण पिशवी अजून मागच्या गोदामात होती. दुकानातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, बसायला पुठ्ठा आणून दिला आणि विचारलं, "राजाही हरवलाय का?"

"राजा माझ्याकडे आहे," वैभवीने खिशातून नारिंगी झाकण काढून दाखवलं. गरम चहाच्या बाटलीचं. त्यावर तिचं नाव होतं.

दोघी शेकडो झाकणं उलटी करत बसल्या. पांढरी बारा आधी मिळाली. स्वरूपा त्यावरची नावं हळूहळू वाचत होती.

"हे बाराजण तुझे मित्र-मैत्रिणी का गं?"

"चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आई."

"अगं, पण..."

"तू हिरवी शोध."

सहा वाजेपर्यंत पस्तीस झाली. मोरिता नावाच्या मुलाचं हिरवं झाकण काही मिळालं नाही. पिशवी दोनदा पालथी घातली.

"कोणाला कळणार आहे? मी लिहिते त्याचं नाव," स्वरूपा म्हणाली.

"तुझं अक्षर बघून सगळ्यांना कळेल." वैभवी मराठीत म्हणाली आणि तिने एक कोरं हिरवं झाकण बाईंना विचारून खिशात टाकलं.

शुक्रवारी स्वरूपाने कार्यालयात दोनदा चुकीची फाइल उघडली. संध्याकाळी वैभवी आली, दप्तर ठेवलं, फ्रिज उघडला.

"मागितलंस का?"

"हं."

"काय म्हणाला?"

"मला कचऱ्यात टाकलंस का, म्हणाला. मी म्हटलं, मी नाही, माझ्या आईने."

"असं सांगितलंस?"

"मग काय सांगू? सगळा वर्ग हसला." ती दूध प्यायली. "मला पण आलं हसू."

शनिवारी स्वरूपा आणि हरीश शाळेत गेले. वैभवीच्या पटापुढे पाच-सहा मुलं रांगेत होती. त्यातला एक उंच, चष्मेवाला मुलगा स्वरूपाकडे वळला आणि कमरेत नीट वाकला.

"वैभवीची आई ना? मी मोरिता. तुम्ही मला धुवून टाकलंत."

स्वरूपानेही वाकून माफी मागितली. मग हल्लेखोरांकडे तो बसला आणि वैभवीने राजा मधल्या घरात ठेवला.