स्टूल जागेवर होतं

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही — आणि बायकोपासून गोष्ट लपवणं किती सोपं असतं, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

वसुधाताईंवरची माझी फिल्म तुम्ही कदाचित पाहिली असेल. जन्मापासून अंध, कर्वेनगरात दोन खोल्यांत राहायच्या, आणि पेटी वाजवायला बसल्या की गल्लीतले लोक खिडकीशी येऊन थांबायचे. घरोघरी नुकतंच केबल आलं होतं, तेव्हा ती टीव्हीवर लागली. पाहिली असेल तर तुम्हाला त्यांचं पडणंच आठवत असणार. सगळ्यांना तेच आठवतं. लोक रडले. माझं नाव झालं. मग आयटी कंपन्यांची कामं आली, फ्लॅट आला, गाडी आली.

पण त्या पडल्या कशा?

सांगतो — आधी घर सांगतो. त्या घरात वस्तू हलवायची नाही, हा कायदा. दाराशी एक लाकडी स्टूल, त्यावर पाण्याचा तांब्या. त्यांचे यजमान, नाना, केर काढल्यावर फरशीवरची खूण बघून स्टूल परत ठेवायचे. ताई म्हणायच्या, "देव हलले तरी चालतील, स्टूल नाही." घरभर त्या भराभर वावरायच्या. माझ्याच वायरीत पाय अडकून मी धडपडलो, तर म्हणाल्या, "जपून हो! डोळस माणसांचं काही खरं नाही."

आणि मला नेमकी हीच अडचण वाटली. लाज वाटते — पण वाटली खरी. शूटिंग संपत आलं आणि माझ्याकडे एकही केविलवाणा शॉट नव्हता! अंध बाई, आणि अडखळतसुद्धा नाही? कोण बघणार?

नाना दूध आणायला गेले होते. ताई आतल्या खोलीत वेणी घालत होत्या. मी स्टूल उचललं — सरकवलं असतं तर त्यांना ऐकू गेलं असतं, म्हणून उचललं — आणि त्यांच्या वाटेत ठेवलं. कॅमेरा चालू केला. मग हाक मारली.

त्या मनगटावर पडल्या. मी धावलो, पण कॅमेरा चालूच ठेवला. नाना आले, स्टूल बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "सकाळी केर काढताना माझ्याकडूनच राहिलं असणार," म्हणाले. मी ताईंना पाणी दिलं.

मनगट बरं झालं. पण ताई हात पुढे करून चालू लागल्या — स्वतःच्या घरात! त्या उठायच्या आधी नाना उठायचे, स्टूल बघून यायचे. दर दिवाळीला मी फराळ घेऊन जायचो, हे बघायचो आणि चकली खाऊन घरी यायचो.

हल्ली फिल्मला अंधांसाठी वर्णन जोडतात — पडद्यावर काय दिसतंय, ते आवाजात सांगायचं. ताईंना एकदा आपली फिल्म 'बघायची' होती. वर्णन माझ्याच आवाजात हवं, हा त्यांचाच हट्ट. माइकपुढे बसलो. तो शॉट आला. त्यात स्टूल दिसतं, माझा हात दिसत नाही. 'ताई अडखळतात' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "वाटेत स्टूल आहे. ते मी ठेवलंय. नानांनी नाही."

गेल्या रविवारी त्यांच्या घरी फिल्म लावली. ते वाक्य आलं. ताई हलल्या नाहीत, शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. संपल्यावर त्या नानांकडे वळल्या.

"अहो, ऐकलंत ना? तुम्ही नव्हतात."

नाना चष्मा काढून पुसत बसले. किती वेळ पुसत होते! ताई उठल्या, तसे सवयीने तेही उठू लागले. त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि एकट्याच स्वयंपाकघराकडे निघाल्या — दोन्ही हात खाली सोडून, भराभर, पूर्वीसारख्या.

चहा त्यांनी दोघांपुरताच केला.