वरून वाढलेल्या पुऱ्या

काकूंनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा माझ्यापुढे धरला आणि मी हात घालायच्या आत मागे घेतला.

"थांब, मी वाढते तुला."

बाकी सगळ्यांनी डब्यात हात घालूनच घेतल्या होत्या. मला पेपर प्लेट दिली. वरून पुऱ्या सोडल्या. प्लेटला बोट लागू नये एवढ्या उंचावरून.

काकू म्हणजे माझ्या टीम लीडची, समीरची आई. पुण्याहून सहा महिन्यांसाठी टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आलेल्या. लाँग वीकेंडला समीरने व्हॅन भाड्याने घेतली, ऑफिसातल्या आम्हा मराठी लोकांना बरोबर घेतलं. लुइझियानातलं उसाचं जुनं प्लँटेशन बघायचं होतं. वाटेत काकूंनी प्रेमाने चौकशी सुरू केली. माझ्या 'कर'वाल्या आडनावावरून त्यांना काही थांग लागेना.

"कुलदैवत कुठलं गं तुमचं?"

"कुलदैवत नाही काकू. आम्ही बौद्ध. नागपूरचे."

"हो का? शांत धर्म असतो हं तो," काकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. पुढच्या थांब्यावर डबा उघडला.

माझी आजी सांगायची, पाटलाच्या दारात भाकरी अशीच वरून पडायची. पदरात झेलायची. चुकली तर मातीतली उचलायची. मला वाटायचं, गेला तो काळ. आता मी इंजिनियर. एच-वन व्हिसावर अमेरिकेत. आणि मीही झेलल्याच की. खाल्ल्याही. समीरपुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती. माझा व्हिसा त्याच्या प्रोजेक्टवर टिकून होता.

प्लँटेशनवर मालकाचं घर बघून झालं. झुंबरं, चांदीचे चमचे, सगळं. मागे गुलामांची खोपटं होती.

"तिकडे काय बघायचंय?" काकू म्हणाल्या. पण तिकिटातच आहे म्हटल्यावर सगळे निघाले. फुकटचं कोण सोडतो!

तिथे माहिती सांगायला मिस लोरेन होत्या. सत्तरीच्या, कृष्णवर्णीय. त्यांची पणजी याच मळ्यावर गुलाम म्हणून जन्मली होती. त्यांनी सांगितलं, गुलामांच्या थडग्यावर दगड नसायचा. मेलेल्या माणसाचा रोजचा कप फोडून मातीवर ठेवायचे. कुठला कप कुणाचा, हे चर्चमधल्या म्हाताऱ्यांना ऐकून ठाऊक होतं. लोरेनबाई त्यांना हाताला धरून उसामागच्या झाडीत न्यायच्या, विचारायच्या. असं वर्षानुवर्षं करून त्यांनी विकून पांगवलेली कुटुंबं पुन्हा जुळवत आणली.

काकूंचे डोळे भरून आले. दोन्ही हातांनी त्यांनी लोरेनबाईंचा हात धरला.

"सो सॅड! माणसाला माणूस मानलं नाही मेल्यांनी. सांग रे समीर त्यांना."

मी त्या हातांकडे बघत राहिले.

लोरेनबाईंनी विचारलं, "तुमच्या देशात असं काही होतं का?"

"नो, नो. ऑल फॅमिली," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "हो की नाही गं?"

साक्षही माझीच हवी होती.

"नो मॅम," मी लोरेनबाईंना म्हणाले. "आमच्याकडे आहे. अजून आहे. यांनी आज दुपारी जेवताना माझ्याशी तेच केलं."

समीर कुजबुजला, "काय यार, सीन का करतेस?"

"सीन दुपारीच झाला, समीर. तू समोर बसला होतास."

काकूंनी हात सोडला. लोरेनबाईंनी मला जवळबिवळ घेतलं नाही. सरळ विचारलं, "हू आर युअर पीपल?"

तुझी माणसं कोण? मी बाबांचं नाव सांगितलं. आजीचं सांगितलं. पुढे? आजीची आई कोण, कुठल्या गावची, काही माहीत नव्हतं. आमच्या घरात ते कुणी काढायचंच नाही. विसरलो की सुटलो, असं वाटायचं सगळ्यांना. मला स्वतःची भयंकर चीड आली.

परतीच्या वाटेवर कुणी माझ्याशी बोललं नाही. प्रोजेक्टवरून काढलं तर काढू दे, असं मी मनाशी पक्कं केलं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच नागपूरला आत्याला फोन लावला.

"आत्या, आजीच्या आईचं नाव काय? कुणाच्या दारात राबायची ती?"

"कशाला उकरतेस बाई? तिथं कुणाला कळतंय तू कोण ते?"

"कळू दे. कुणी विचारायच्या आधी मीच सांगणार आहे. तू बोल."